नुसते बेरियम

बाबा पेला ओठाशी नेत होते, तेवढ्यात मला कालचा फोन आठवला.

"थांबा," मी म्हटले.

"आता काय? रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही पोटात. साडेसहापासून दारात बसलोय!"

जठराचा क्ष-किरण फोटो काढण्यापूर्वी खळीसारखे जे पांढरे पाणी पाजतात, त्याला रुग्णालयाच्या या क्ष-किरण विभागात सगळे नुसते बेरियम म्हणतात. साठा संपला म्हणून इथल्या तंत्रज्ञाने काल शेजारच्या महाविद्यालयात, माझ्या प्रयोगशाळेत, फोन केला होता: "मॅडम, बेरियम आहे का?" माझा तास चालू होता. "आहे, घेऊन जा," म्हणून मी मोकळी झाले.

माझ्या फळीवर दोन बरण्या शेजारीशेजारी आहेत. दोन्हींत पांढरी भुकटी, दोन्हींत बेरियम आणि ऑक्सिजन. तिसरे मूलद्रव्य तेवढे वेगळे. गंधक असेल तर ते बेरियम सल्फेट: विरघळत नाही, गेले तसे बाहेर पडते. कार्बन असेल तर कार्बोनेट: जठरातल्या आम्लात विरघळते आणि हृदय बंद पाडते.

मी पेला हिसकावला.

"बापाच्या तोंडचा घास काढतेस?"

"बरणीवर काय लिहिलं होतं?" मी तंत्रज्ञाला विचारले.

"बेरियम. वाचूनच घेतलं, मॅडम."

"आणि पुढे?"

"पुढे काय असतं?"

बरणी रिकामी करून, धुऊन तो कालच परत देऊन आला होता.

पेला घेऊन मी धावले. प्रयोगशाळेला कुलूप; किल्ली पर्समध्ये, पर्स बाबांच्या मांडीवर. परत आले, पुन्हा गेले. निम्मा पेला जिन्यात सांडला. फळीवर कार्बोनेटचीच बरणी रिकामी होती; तरी पेल्यात तेच आहे याची खात्री हवी होती. काचेच्या बशीत चमचाभर ओतून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले. पहिला थेंब बशीबाहेर पडला. दुसरा आत पडताच फसफसला. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये असे मीच शिकवते, म्हणून तिसरा टाकला. तोही फसफसला. सल्फेट फसफसत नाही.

मी धावत परत आले. "आज आधी कोणी प्यायलं?"

"कोणी नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "काकांनी कुणाला पुढे जाऊच दिलं नाही."

बाबांच्या उतावळेपणावर मी आयुष्यभर बोलत आले आहे.

"विष होतं, बाबा. चूक माझी. मी विचारलंच नाही, कोणतं ते."

त्यांनी माझ्या हातातला पेला घेऊन लांब ठेवला.

"म्हणजे उद्या परत उपाशी?"

"हो."

"मग उद्या बरणी तू स्वतः आण," ते म्हणाले, आणि पर्स माझ्या हातात दिली.