फोनवरचा होकार

निवडणुकीला दहा दिवस राहिले होते. ल्युशस पेटवे निवडून आले, तर ओहायोतल्या त्या शहराचे पहिले काळे महापौर ठरणार होते. फोनवरून घेतलेल्या मतचाचणीत त्यांना त्रेपन्न टक्के मतं दिसत होती.

"म्हणजे नदीपलीकडे गोऱ्यांच्या वस्तीत दारोदार हिंडायला नको. माझे गुडघे वाचले बघ, व्हर्लीन," ते खुशीत म्हणाले.

चाचणी व्हर्लीननेच घेतली होती. शाळेत ते तिचे शिक्षक होते, त्यामुळे पुढचं बोलणं तिला जड गेलं.

"सर, फोन करणाऱ्या बारा मुली होत्या. मी उत्तरं वेगळी करून पाहिली. आपल्या आठ काळ्या मुलींशी बोलताना गोरे मतदार तुमचं नाव घेतात. चार गोऱ्या मुलींना मात्र बरेच गोरे मतदार सांगतात, अजून ठरवलं नाही."

"फोनवर रंग दिसतो होय गं?"

"आवाजावरून कळतो, सर. तुम्हालाही कळतोच की."

पेटवे हसले नाहीत. "आपल्या मुलींना नाही म्हणायला लाजतात तर."

"हो. पण मत देताना समोर कुणी नसतं. सहा-सात टक्के कमीच धरा."

त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. "पलीकडच्या घरांची यादी दे. आणि मी ज्या घरी जाईन, तिथे संध्याकाळी त्या चौघींपैकी एकीला फोन करायला सांग. मला म्हणाले ते नको, तिला काय म्हणाले तेवढंच मला कळव."