माझ्या तळाची पट्टी

मित्रांनो, तुमची दोन बोटं एकाच क्षणी फोनच्या दोन बटणांवर पडतात आणि आमच्यातला एक जन्माला येतो. मीही तसाच जन्मलेला, आता जुना झालेला एक स्क्रीनशॉट आहे. वरळीच्या बीडीडी चाळींच्या नकाशाचा.

माझ्या वरच्या कडेला संपत आलेली लाल बॅटरी आहे. मधे चाळींचे राखाडी चौकोन आणि त्यांच्यामधल्या गल्ल्या. आणि तळाला

[इथून खाली मला कापलं आहे.]

ते कसं झालं, ते सांगतो.

चाळ रिकामी करायच्या आदल्या दिवशी संघमित्रानं ‘वाटदीप’ नावाच्या कंपनीचा नकाशा फोनवर उघडला, आपला चौकोन शोधला आणि मला टिपलं. पुढे चाळ पडली. कंपनीनं चौकोन पुसून तिथे कोरी जागा दाखवली. मी मात्र राहिलो. साड्यांचे फोटो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या यांच्यामधे, कुणी न बघता.

मग दादरच्या एका सभागृहात उठलेल्या वस्त्यांवर प्रदर्शन ठरलं आणि संघमित्राला मी आठवलो. परळच्या छापखान्यात मला दाराएवढं मोठं छापलं. ज्यानं त्यानं मला हात लावून पाहिलं. एवढं कौतुक मी कधी अनुभवलं नव्हतं.

त्या कौतुकातच माझ्याशी दोन गोष्टी झाल्या.

माझ्या चौकोनांवर नुसते चाळींचे नंबर होते. संघमित्रानं पारदर्शक कागदावर घराघरांची नावं छापली आणि माझ्यावर चिकटवली. अक्षर नकाशाचंच, रंगही तोच. वरून चिकटवलंय हे कुणाला कळू नये, अशी.

दुसरी गोष्ट चाळीतल्याच राजारामकाकांनी केली. जयंतीचे फलक करण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी कटर घेतला, कंपनीचं चिन्ह असलेली माझी तळाची पट्टी कापली आणि खालच्या फळीवर ‘शुभेच्छुक’ या शब्दाखाली लावली. एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला केबलवाला.

उद्घाटनाच्या दुपारी सभागृह सांभाळणारी मेघना माझ्यासमोर येऊन थांबली. पुढे जाईना.

“ही कंपनी तुमची शुभेच्छुक आहे?”

“नाय,” काका म्हणाले. “पण नकाशा त्यांचा ना? ज्याचं घेतलं त्याचं नाव लावायचं. आमच्यात रीत आहे. पाणी वाटणाऱ्याचंपण लावतो.”

“त्यानं पाणी दिलेलं असतं, काका. या कंपनीला तुम्ही माहीतसुद्धा नाही.”

“म्हणून तर लावलं. आता होऊ माहीत.”

मेघनाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिनं फोनवर कंपनीचे नियम काढले. “वाटदीपचा स्क्रीनशॉट चित्रात, नाटकात, प्रदर्शनात वापरता येतो. विचारायचीही गरज नाही. पण जसा आहे तसा. आत काही घालायचं नाही. तळाची पट्टी कापायची नाही. चिन्ह सुटं काढून दुसरीकडे लावायचं नाही. आणि कंपनी आपल्याबरोबर आहे असं भासवायचं नाही.”

“आम्ही यातलं काय पाळलंय?” संघमित्रानं विचारलं.

“काहीच नाही. संध्याकाळी दार उघडायच्या आत नीट कर. नाहीतर मला हे उतरवावं लागेल.”

कुणी विरारहून, कुणी कल्याणहून, चाळीतली माणसं निघाली होती. आपलं घर बघायला. त्यांच्यासमोर रिकामी भिंत येणार होती.

“पट्टी परत लावते,” संघमित्रा म्हणाली. “पण नावं काढणार नाही. नावं गेली तर उरतं काय? आकडे.”

“मग मी उतरवते.”

“उतरव.”

दोघी एकमेकींकडे बघेनात. इतक्यात राधाआत्या आली. चाळीत संघमित्राच्या शेजारची. सगळ्यांच्या आधी पोचली होती. तिनं चष्मा पुसला, गल्लीगल्लीतून बोट फिरवलं आणि एका चौकोनावर थांबली.

“बघ गं. कंपनीनं माझं नाव लिहिलंय.”

तिनं संघमित्राला जवळ ओढलं.

“फोटो काढून दे मला. नव्या खोलीसाठी सुनावणी आहे ना. विचारतात, तुम्ही तिथं राहत होता कशावरून? आता हे दाखवते. कंपनीचा नकाशा म्हटल्यावर बसतील गप.”

मित्रांनो, आत्या त्या खोलीत राहत होती हे खरं होतं. पण ते मी सांगितलेलं नव्हतं. उद्या कुणी कंपनीला विचारलं असतं आणि कंपनी म्हणाली असती, हे आमचं नाही, तर? माझ्याबरोबर आत्याही खोटी ठरली असती.

“आत्या,” संघमित्रा म्हणाली, “ते मी चिकटवलंय.”

“मग कंपनीनं काय लिहिलेलं?”

“नुसता चाळीचा नंबर.”

आत्या भिंतीला टेकली. म्हणाली, “बरं झालं बोललीस. तिथं तोंडघशी पडले असते मी.”

संघमित्रानं पहिलं नाव नखानं उचललं. त्याच्याबरोबर माझा रंग निघाला. पांढरा ओरखडा.

“हळू, संघू,” काका म्हणाले. “फाटला तर दुसरा नाय.”

मेघना केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. गरम वारा, मग नख. गरम वारा, मग नख. जिन्यात पावलं वाजू लागली. शेवटचं नाव निघालं तेव्हा संघमित्राच्या मुठीत सगळी चाळ एकमेकांना चिकटून गोळा झाली होती.

[तळाची पट्टी परत चिकटवली आहे.]

तळाला लिहिलं आहे: नकाशा, वाटदीप. एवढंच. दार उघडलं. माणसं आत आली आणि माझ्यासमोर घुटमळली. “आपली खोली कुठाय यात?”

“नावं याच्या बाहेर, भिंतीवर लिहिली तर?” संघमित्रानं हळूच विचारलं.

“भिंत सभागृहाची आहे,” मेघना म्हणाली. “पुढच्या महिन्यात रंगवायचीच आहे.” आणि तिनं पेन पुढे केलं.

आत्यानं वेळ घेऊन, तिरकं, मोठं असं आपलं नाव भिंतीवर लिहिलं. तिथून एक रेघ माझ्या कडेपर्यंत आणली आणि थांबवली. मागचा माणूस पेन घेऊन माझ्याकडे वळला, तशी तिनं त्याचा हात धरला.

“त्याच्यात नको. भायेर लिव. आपलं अक्षर आपलंच दिसायला पायजे.”

भिंत भरत गेली. लिहिता लिहिता ठरलंसुद्धा, की सुनावणीला आत्याबरोबर आजूबाजूच्या खोल्यांतले सगळे साक्ष द्यायला जाणार.

मित्रांनो, मला वापरा. चित्रात लावा, नाटकात दाखवा. फक्त मी कुणाचा आहे ते झाकू नका, आणि जे मी म्हटलं नाही ते माझ्या तोंडी घालू नका. मी एका क्षणी जेवढं पाहिलं तेवढंच मला सांगू द्या. तुम्ही तिथे राहत होता, हे तुम्हालाच सांगावं लागेल. ते तुम्ही तुमच्या हातानं लिहा.