ओढाळाचं लोढणं

मी लोढणं बोलतोय. नाव ऐकूनच तुम्ही कपाळाला आठी घालाल, ठाऊक आहे मला. उठायचं नाव न घेणारा पाहुणा, गळ्यात पडलेलं काम, घरातला दुखणाईत म्हातारा, सगळ्यांना तुम्ही माझंच नाव देता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याच्या गळ्यात मी पडलो त्याला मी कधी आवडलो नाही.

मी बाभळीचा, हातभर लांबीचा ओंडका. वऱ्हाडातल्या रिठदजवळच्या एका लहानशा गावात जगदेव नावाचा शेतकरी होता. त्याची चांदी नावाची गाय भारी ओढाळ. मोकळी सोडली की कळप टाकून परक्या पिकात शिरायची. तिच्यासाठी जगदेवनं मला बांधावरच्या झाडातून तोडलं, साल काढली आणि तापवलेल्या सळईनं एका टोकाला भोक पाडलं. समोरून मला धरून ठेवायला त्याचा मुलगा शालिग्राम बसला होता, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. धूर डोळ्यांत गेला की मान फिरवायचा, पण हात सोडत नव्हता.

"बाबा, हे तिच्या गुडघ्याले लागन ना?"

"लागाव म्हनूनच करून राह्यलो."

"तू तिले हाक मारत जाय ना. येते ते हाक मारली का."

जगदेव हसला आणि भोकातून अंबाडीचा दोर ओवला. पोराचं ऐकलं असतं तर माझी गोष्ट तिथंच संपली असती.

चांदीच्या गळ्यात मी वर्षानुवर्षं हेलकावत राहिलो. ती चालली की तिच्या गुडघ्यावर आपटायचो, धावली की जोरात आपटायचो. तिच्या पायावर काळा डाग पडला, केस गेले. स्वस्थपणा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. ती निजली म्हणजेच मी जमिनीला टेकत असे.

शालिग्राम अठरा वर्षांचा झाला. मिसरूड फुटलं, घरात सोयरिकीची बोलणी सुरू झाली. बापाला तो आता गावरीतीप्रमाणे 'तुमी' म्हणू लागला होता. त्या वेळी वाशीमला आगगाडी नवीनच आली होती, आणि या पोराच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एके दिवशी दुपारची गाडी बघायला तो गुरं रानात सोडून वाशीमला पळाला. इकडे चांदी मला ओढत बबनरावांच्या ज्वारीत शिरली. बबनराव गावातले मोठे जमीनदार. त्यांनी गाय कोंडवाड्यात घातली आणि चावडीपुढे जगदेवला बोलावून चारचौघांत म्हणाले, "ज्याले ढोर आवरत नाई, त्याचं पोरगं काय आवरन?"

जगदेवनं हात जोडले. गाय सोडवली. तेवढ्यात समोरून शालिग्राम आला, गाडी पाहिल्याचा आनंद अजून तोंडावर घेऊन.

जगदेवनं चांदीच्या गळ्यातून मला काढलं आणि पोराच्या गळ्यात घातलं.

"ओढाळ ते ढोर नाई, हे हाय! चाल आता घरी."

लोक हसले. पोराला मला काढून फेकता आलं असतं, पण तो चालला. चावडीपासून घरापर्यंत, आयाबाया दारात उभ्या असताना, मी त्याच्या गुडघ्यावर आपटत होतो. लाकडाला लाज नसते असं म्हणतात. मला त्या दिवशी जे वाटलं त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

घरी आईनं, प्रयागबाईनं, दोर सोडला. "मायबाई, हे काय केलं वं!" एवढंच ती म्हणाली. सकाळी शालिग्रामनं गोठा झाडला, चांदीला चारा टाकला, माझा दोर नीट गुंडाळून मला खुंटीला टांगलं आणि निघून गेला.

पुढं जगदेव सारखा बाहेर पडू लागला. "बैल पाहाले शिरपूरले जातो," म्हणायचा. "बियाणं पाहाले वाशीमले जातो," म्हणायचा. बैल आला नाही, बियाणं आलं नाही. पोराला शोधतोय असं त्यानं कधी म्हटलं नाही आणि प्रयागबाईनं कधी विचारलं नाही. ती फक्त तिसऱ्या माणसाची भाकर थापायची.

एकदा दोघं चांदीला विकायला वाशीमच्या बाजारात घेऊन आले. तिच्या गळ्यात मी पुन्हा होतोच. सैफुद्दीनभाई नावाच्या व्यापाऱ्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग गाईकडं.

"जगदेवभाऊ, गाय बेचाले आनली का लकडी?"

"गाय गरीब हाय, भाई."

"गरीब हाय तं गयात हे शिफारसपत्र काहून बांधलं?"

सगळे हसले. गाय विकली गेली नाही.

बाजूच्या लिंबाखाली ख्रिस्ती मिशनचे फुलसिंग मास्तर कापडावरची चित्रं लावून गोष्ट सांगत होते. मूळचे बंजारा तांड्यावरचे, गुराढोरांत वाढलेले. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, धनगर नव्व्याण्णव मागं ठेवून त्याला शोधत जातो, सापडल्यावर खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यांना बोलावून म्हणतो, माझ्यासोबत आनंद करा. देव असा आहे, मास्तर म्हणाले.

प्रयागबाई पदर सावरून पुढं झाली.

"मास्तर, एक इचारू का? सापडल्यावर त्यानं मेंढराले लोढनं बांधलं का नाई?"

बाजार खदखदून हसला. तिनं थट्टा केली नव्हती. आमच्या मुलखात पळून गेलेलं जनावर सापडलं की दुसरं काय करतात? मास्तर हसले नाहीत. त्यांनी चित्राकडं पाहिलं, मग चांदीच्या गळ्यातल्या माझ्याकडं.

"पुस्तकात तसं लिहिलं नाही, बाई. पण खांद्यावर घेतलं असं लिहिलं आहे. मेंढरू खांद्यावर आणि त्याच्या गळ्यात लोढणं, मग ते लोढणं कोणाला लागेल?"

प्रयागबाईनं विचार केला. "धनगराच्याच छातीले लागन."

"मग त्यानं नसेल बांधलं," मास्तर म्हणाले.

जगदेव गाईचा कासरा धरून मागं उभा होता. मास्तरांचं ऐकून त्यानं कासरा आवळला. ती ओढ चांदीच्या मानेवरून माझ्यापर्यंत आली.

घरी येऊन त्यानं चांदीच्या गळ्यातून मला सोडलं. ती त्यानंतर ओढाळ राहिली की नाही, कोणी लक्ष दिलं नाही. मी खुंटीवर गेलो. वारा आला की भिंतीवर आपटायचो, आणि घरात कोणीतरी दचकायचं.

मग मानमोडीची, जीवघेण्या तापाची, साथ आली. घराघरात माणसं पडली. प्रयागबाई चार दिवस तापात होती. "तो आला तं ते खुंटीवरचं त्याले दिसू देऊ नका," असं तिनं दोनदा सांगितलं. पाचव्या दिवशी ती गेली. एक माणूस गेल्यावर घर किती मोठं होतं ते मी त्या वेळी पाहिलं. जगदेव दोन भाकरी थापायचा आणि दुसऱ्या भाकरीकडं बघत बसायचा.

फुलसिंग मास्तर गावोगावी औषधाच्या पुड्या वाटत फिरत होते. ते गोठ्याच्या ओट्यावर येऊन बसू लागले. त्यांनी जगदेवला दुसरी गोष्ट सांगितली. घर सोडून गेलेला मुलगा, डुकरांचं खाणं खायची पाळी आलेली, मग वाटभर 'बाबा, मी पाप केलं' असं घोकत परत आलेला. आणि त्याला लांबूनच पाहून धावत सुटलेला बाप.

जगदेव बराच वेळ मातीवर काडीनं रेघा ओढत राहिला.

"मास्तर, त्या गोष्टीत पोराचं चुकलं. बापाचं चुकलं असन तं कोनं जाव?"

"त्या गोष्टीत धावला तो बापच," मास्तर म्हणाले. "चुकी कोणाची का असेना, धावायचं काम त्याचं, एवढं मला समजतं."

"या वयात धावाले सांगता?"

"मग चालत जा."

त्यांनीच पत्ता आणला. शालिग्राम वाशीमजवळ रुळांवरच्या टोळीत कामाला होता, इतकी वर्षं फक्त सहा कोसांवर.

दुसऱ्या दिवशी जगदेवनं मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, आता चुलीत. पण त्यानं मला काखेत घेतलं आणि गाव मागं पडताच दोर स्वतःच्या गळ्यात घातला.

सहा कोस. ऊन चढत गेलं. मी त्याच्या गुडघ्यावर आपटत होतो, आणि तो घोकत होता, "शालिक, मी देवाच्या आन् तुह्या समोर पाप केलं. मी तुहा बाप म्हनवाच्या लायकीचा नाई." अडखळला की पहिल्यापासून. मला थांबता येत नव्हतं. तो चालेल तोवर मला आपटणं भाग होतं. रूळ दिसल्यावर मात्र त्याला लोकांची लाज वाटली. त्यानं मला गळ्यातून काढून हातात घेतलं.

तीच चूक झाली. शालिग्राम पहार घेऊन खडी सारत होता. त्यानं बापाला पाहिलं, बापाच्या हातातल्या मला पाहिलं, आणि दोन पावलं मागं सरला.

"पुन्हा बांधाले आले का तुमी?"

घोकलेलं सगळं जगदेवच्या तोंडून नाहीसं झालं. "नाई रे," तो म्हणाला. "बांधून घ्याले आलो. घे. माह्या गयात बांध."

टोळीतला मदनसिंग नावाचा गडी हसत म्हणाला, "शालिग्राम, तुया गावात पाहुन्याचा सत्कार असा करते काय?"

कोणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

"माय कशी हाय?" शालिग्रामनं विचारलं.

"मानमोडीत गेली."

शालिग्राम रुळावर बसला. थोड्या वेळानं उठला आणि पुन्हा खडी सारू लागला, आधीपेक्षा जोरात. जगदेव दुपारभर माझ्यावरच टेकून बसला. सुटी झाल्यावर पोरानं फडक्यातली भाकर मोडली आणि अर्धी बापापुढं धरली.

"खा अन् जा. मी येत नाई."

"बरं," जगदेव म्हणाला. "माहं चुकलं, शालिक. तेवढं सांगाले आलो होतो." तो उठायला गेला आणि तिथंच कोसळला. धोतर वर सरकलं. गुडघा सुजून काळा-निळा झाला होता.

"हे कायनं झालं?"

जगदेव धोतर खाली ओढू लागला. शालिग्रामनं तो डाग बघितला. मग त्यानं स्वतःचं धोतर सारलं. त्याच्या गुडघ्यावर, त्याच जागी, जुना तसाच एक डाग होता. त्यानं माझ्या दोराला हात लावला. दोर घामानं अजून ओला होता.

"गावापासून घालून आले?"

म्हाताऱ्यानं मान डोलावली.

शालिग्राम पाठ करून खाली बसला. "या. सडकेवर गावची बैलगाडी भेटन."

"तू येतं?"

"तुमाले असं कोनाच्या भरवशावर सोडू?"

जगदेव त्याच्या खांद्याला बिलगला. पोरगा उठला, चार पावलं गेला. तेवढ्यात म्हातारा मागं वळून म्हणाला, "ते लोढनं राह्यलं ना."

शालिग्राम थांबला. दमला होता, वैतागला होता, आणि कितीतरी वर्षांत बापाला म्हटलं नव्हतं तसं एकेरीत म्हणाला, "तुले घेऊ का त्याले?"

जगदेवनं पोराच्या मानेवर डोकं टेकवलं. दोघं सडकेकडं दिसेनासे झाले.

त्याला पंचवीसेक वर्षं झाली. रुळाकडेच्या गवतात मी पडून आहे. माझा दोर कुजला, एका अंगाला वाळवी लागली. गाडी आली की मी अजून थरथरतो. सवय जात नाही. त्या दोघांचं पुढं कसं जमलं, घरी गेल्यावर भांडले का, हे मला माहीत नाही. रिकाम्या खुंटीकडं बघून जगदेवला काय वाटलं असेल, हा विचार मला स्वस्थ पडू देत नाही.

तुमच्या घरी एखाद्या खुंटीवर माझ्या जातीचं काही टांगलेलं असेल. एखादा जुना बोल, एखादी चावडीवरची दुपार. ते घेऊन कोणाला शोधायला निघालात, तर वाटेत कुठंतरी टाकून द्या. मास्तरांच्या गोष्टींत हरवलेल्या प्रत्येकाला कोणीतरी शोधायला निघतं. मी हरवलो आहे. मला मात्र शोधू नका.