तानामावशीचा डावा कान

"कान," दिग्विजय सर म्हणाले आणि लेसरचा लाल ठिपका त्यांनी पडद्यावर तानामावशीच्या डाव्या कानाशी नेऊन थांबवला. "नजर आधी इथं जाते, चेहऱ्यावर नंतर. पोर्ट्रेटमध्ये हे उलटं व्हायला हवं."

रुपाली गप्प बसली. छायाचित्र मंडळाचा नियमच तसा होता. दर रविवारी सात रस्ता चौकाजवळच्या एका शाळेच्या वर्गात दहा-बाराजण जमायचे आणि आपापले फोटो पडद्यावर लावायचे. ज्याचा फोटो, त्यानं सगळ्यांचं बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलणाऱ्यालाही शिस्त होती. आधी काय आवडलं ते सांगायचं, मग काय खटकलं ते, मग उपाय. उपाय सुचत नसेल तर खोट काढायची नाही.

हे नियम सरांनी घातले होते आणि ते कामाचे होते. मागे मंडळातल्या रत्नम्मानं मागावर बसलेल्या आपल्या वडिलांचा फोटो आणला, तेव्हा रुपालीच म्हणाली होती, "चेहरा छान आलाय. पण हात तुझ्या सांगण्यावरून थांबलेत, ते दिसतं. त्यांना विणू दे, तू थांब." रत्नम्मा फुगून घरी गेली आणि पुढच्या रविवारी असा फोटो घेऊन आली, की सर नुसती मान हलवत राहिले. मंडळ पुण्याच्या प्रदर्शनाला फोटो पाठवणार होतं, त्यासाठी तो निवडला गेला. आता एकच जागा उरली होती. बाळीवेशीत स्टुडिओ घातल्यापासून रुपालीनं हजारो फोटो काढले होते, पण तिच्या नावाची चिठ्ठी खाली लावून भिंतीवर एकही लागला नव्हता.

"आवडलेलं सांगतो," सर म्हणाले. "उजेड. खिडकीचा इतका मऊ उजेड आपल्यात कुणाला जमत नाही. सुरकुत्या दिसतात, पण बोचत नाहीत. आता खटकलेलं. मागं पाण्याचं निळं पिंप आलंय, ते डोळ्यात खुपतं. आणि ही कानाची फाटलेली पाळी. पिंप काप. पाळी दुरुस्त कर, तुझं तर रोजचंच काम आहे ते. नाहीतर बाईंना दुसरीकडून बसव. त्या कानात दागिना असेलच. ती त्यांची चांगली बाजू."

रुपालीनं मांडीवरची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

रोजचं काम होतं हे खरं. खेड्यातल्या बायका यायच्या. कानातल्या जड सोन्याच्या फुलांच्या वजनानं पाळ्या ओघळून चिरलेल्या असायच्या. फोटो झाला की हळूच म्हणायच्या, "ताई, कान तेवढा सांधून द्या की." रुपाली संगणकावर सांधून द्यायची. सांगोल्याहून आलेल्या तानामावशीचा फोटो काढला तेव्हाही तिनं न विचारता कान सांधला, फ्रेम केली आणि गावाकडं पाठवून दिली. आठवड्याभरात मावशी एसटीनं दारात हजर. फ्रेम जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली.

"रुपे, ह्यो कान कुनाचा गं?"

"तुझाच की, मावशी. नीट केलाय जरा."

"नीट? लई बिघडला हुता व्हय?"

रुपाली हसली. मावशी हसली नाही.

"आगं, खताला मेंढरं बसवली हुती एकाच्या रानात. म्या एकलीच राखनीला. झुंजुमुंजू झाल्यालं. येका मुडद्यानं मागनं यिऊन कानातल्या फुलाला हिसडा दिला. पाळी फाटली, रगात खांद्यावर. पर म्या त्याचं मनगाट धरलं त्ये धरलं. मानसं येस्तवर सोडलं न्हाय. फूल लेंड्यांत कुटं पडलं, त्ये काय गावलं न्हाय. चोर गावला की!" तिनं फ्रेम पालथी घातली. "आन् तू समदं पुसलंस. जनू त्यो आलाच न्हवता, आन् म्या धरलाच न्हवता."

रुपालीनं पुन्हा कॅमेरा लावला. खिडकीपाशी स्टूल ठेवलं आणि हाताच्या सवयीनं म्हणाली, "मावशी, जरा इकडं फिर." इकडं म्हणजे उजवा कान पुढं येईल असं. त्या कानात उरलेलं सोन्याचं फूल होतं.

"तिकडं काय हाय? सोनं. सोनं कुनाच्याबी कानात आसतंय." मावशीनं पदर डाव्या कानामागं सारला आणि तो कान कॅमेऱ्यासमोर धरून बसली.

तोच फोटो आता पडद्यावर होता.

"बोल आता," सर म्हणाले.

"पिंपाचं बरोबर आहे, सर. मला तेव्हाच दिसायला हवं होतं. आजच कापते. कान तसाच राहील."

"रुपाली, टीका मनाला लावून घ्यायची नसते."

"नाही लावून घेतली. निम्मी घेतली."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. रुपालीनं मावशीची हकिकत थोडक्यात सांगितली. सरांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"हे आज तू सांगितलंस म्हणून कळलं. प्रदर्शनात बघणाऱ्याला नुसता फाटका कान दिसणार. गोष्ट सांगायला तू उभी नसशील."

हे खरं होतं.

"नसेन," ती म्हणाली. "पण फाटका कान बघून एखादा विचारील तरी. सांधलेला बघून कोण विचारणार?"

"सर, रुपालीअक्काचं म्हणणं..." रत्नम्मा उठली.

"रत्नम्मा, बस. रुपाली, कान असा असेल तर हा फोटो मी पाठवणार नाही."

"नका पाठवू."

तिनं पेनड्राइव्ह काढून घेतला. त्याचं टोपण पहिल्यांदा बसलं नाही. दुसऱ्यांदा दाबून बसवलं.

सोमवारी तिनं पिंप कापलं, मोठी प्रिंट काढली आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेतला नवरीचा फोटो उतरवून तिथं मावशीला लावलं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, नवरीच्या जागी म्हातारी? गिऱ्हाईक पळंल." गिऱ्हाईक पळालं नाही. काहीजण नुसते बघून जायचे, काहीजण आत येऊन विचारायचे, "कानाला काय झालं हो त्यांच्या?" रुपाली सांगायची. एका बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई धीराची बाई. माझा मातूर सांधा हं, माझा नुसता वजनानं फाटलाय." रुपालीनं हसत सांधून दिला.

एका संध्याकाळी दिग्विजय सर पलीकडच्या फुटपाथवर बराच वेळ उभे दिसले. आत आले नाहीत.

मावशी आली ती बाजाराच्या निमित्तानं. काचेसमोर उभी राहिली, मागं सरली, पुन्हा पुढं आली.

"पिंप काढलंस, बरं केलंस. त्या दिशी कॅमेऱ्यात माज्या खांद्यावर ठिवल्यागत दिसत हुतं. पर तोंड मिटाया सांगायचं हुतंस. दात गेल्यालं दिसत्यात."

"चुकलं माझं. परत काढू?"

"नगं. दात गेल्यातच की."

तेवढ्यात लग्नाच्या खरेदीला आलेली एक पोरगी आईबरोबर काचेपाशी थांबली. तिनं फोटोकडं पाहिलं, मग शेजारच्या म्हातारीकडं, मग पुन्हा फोटोकडं.

मावशीनं पदर डाव्या कानामागं सारला आणि रस्त्याकडं तीच बाजू करून उभी राहिली. पलीकडच्या कानातलं एकटं फूल काचेकडं चमकत होतं. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.