तेल मुरतंय कुठे?

मिस्त्रींच्या गुडघ्यांनी संप पुकारला, नव्या गाड्यांना कॉम्प्युटर जोडल्याशिवाय त्या बोलेनात, तेव्हा एके दिवशी त्यांनी गॅरेजचं शटर ओढलं ते ओढलंच. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी परदेशात. तिचा फोन यायचा, पण तिची सवड आणि यांचं जागं असणं यांचा मेळ बसेपर्यंत सांगायचं काय तेच ते विसरून जायचे. बाकी दिवसभरात त्यांच्याशी बोलणारा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा पाववाला. तोही फक्त "एक की दोन?" एवढंच विचारायचा.

त्यामुळे ग्रंथपालबाईंचा फोन आला तेव्हा मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट काढला. ओळख जुनीच. बाईंच्या थोरल्या भावाची लांबलचक, ऑटोमॅटिक गिअरची गाडी पूर्वी मिस्त्रींच्याच हाताखालून जायची. भाऊ वारला आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं बसून राहिली. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या बाई त्या घरात एकट्याच राहायच्या.

"धाकटी बहीण पडली हो," बाई म्हणाल्या. "खुब्याचं हाड मोडलंय. ती घाटापलीकडे, घरात दुसरं कुणी नाही. मी जाऊन राहीन म्हणते. बसचे धक्के मला सोसत नाहीत, गाडी चालवता येते. नवी बॅटरी घातली, नवं पेट्रोल भरलं, इंजिनही सुरू झालं. पण ही बया जागची हलायला तयार नाही!"

मिस्त्री आत बसले. गिअर टाकून पाय दाबला. इंजिन घसा फोडून ओरडलं आणि गाडी रुसल्यासारखी तिथेच. मग एकदम हिसका देऊन हातभर पुढे सरकली.

"घसरतोय," मिस्त्री म्हणाले.

"कोण?"

"गिअर. इंजिन जोर लावतंय, पण तो चाकांपर्यंत पोचत नाही. गिअरबॉक्समधलं तेल तो जोर पुढे नेतं. तेलच कमी असलं तर नुसता आरडाओरडा."

इंजिन तापू दिलं, चालूच ठेवून तेलाची पट्टी ओढली. पट्टीचं टोक जेमतेम ओलं होतं. मिस्त्रींनी ते नाकाशी धरलं. रंग लाल, जळका वास नाही. म्हणजे आतला ऐवज शाबूत होता. तेल घातलं, गाडी गल्लीत फिरवली, तर लोण्यासारखी चालली. शेजारी बसलेल्या बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन जरा लांब गेले आणि परत येईपर्यंत गिअर पुन्हा घसरू लागला. तेल पुन्हा खाली. शेडची फरशी मात्र कोरडी ठणठणीत. आणि मागच्या नळीतून पांढरा धूर.

मिस्त्री गाडीखाली सरपटले. गिअरबॉक्सच्या कुशीला एक गोल पत्र्याची डबी असते, तिच्यातून एक रबरी नळी इंजिनाकडे जाते. त्यांनी नळी उपटली. लाल तेलाचा थेंब टपकन अंगठ्यावर पडला. झालं, चोर सापडला. डबीतला रबरी पडदा बसून बसून वाळला होता, फाटला होता आणि त्यातून इंजिन गिअरबॉक्सचं तेल स्ट्रॉने ओढावं तसं ओढून जाळत होतं. डबी बदलली की काम फत्ते. तसली एक कोरी डबी मिस्त्रींच्या घरी माळ्यावर पडलेली होती.

ते बाहेर आले. बाई दाराशी ट्रे घेऊन उभ्या होत्या. चहाचे दोन कप, एकावर निवू नये म्हणून बशी झाकलेली.

"सापडलं?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. बायको गेल्यापासून त्यांच्या चहावर कुणी बशी झाकली नव्हती.

"बघतो अजून," ते म्हणाले. "उद्या येतो."

उद्याचे पुढे बरेच उद्या झाले. एकदा त्यांनी गिअरबॉक्सचं तळाचं झाकण काढून जाळी धुतली. एकदा आतले पट्टे आवळले. जुन्या गाडीला हे करावंच लागतं, असं ते स्वतःला बजावत. काम थोडं, गप्पा फार. भाऊ गाडीत कुणाला शेंगदाणाही खाऊ द्यायचा नाही, म्हणून बाई कशा मुद्दाम पिशवीभर घेऊन बसायच्या, ते बाईंनी सांगितलं. आपली बायको रागावली की रेडिओ कसा मोठा करायची, ते मिस्त्रींनी सांगितलं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पण मिस्त्री, एवढं तेल जातंय कुठे?" एकदा बाईंनी विचारलं. "फरशी तर कोरडी आहे."

"मुरतंय कुठेतरी."

बाई हसल्या. मिस्त्रीही हसले आणि पान्हा शोधायला वळले.

मग एका सकाळी ते शेडमध्ये शिरले, तर एक अनोळखी माणूस गाडीभोवती फिरत बॉनेटवर टिचक्या मारत होता.

"हे भंगारवाले," बाई म्हणाल्या. "तुम्ही खूप केलंत. पण तुमच्यासारख्याला सापडत नाही, म्हणजे तिच्यात आता राम उरलेला नाही. धाकटी तिकडे एकटी पडून आहे. किती दिवस वाट बघू? गाडी देऊन टाकते आणि रडतखडत बसनेच जाते."

मिस्त्रींनी हातातली हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"बाई, सापडलंय," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं. एक डबी बदलायचीय. माझ्या घरी आहे."

बाईंनी भंगारवाल्याला वाटेला लावलं. परत आल्या आणि पायरीवर बसल्या.

"चहाला यायचं होतं तर चहाला यायचं, मिस्त्री. गाडीला कशाला आजारी ठेवलंत? तिकडे बहीण माझ्या वाटेकडे डोळे लावून आहे."

मिस्त्री घरी गेले, डबी आणली, बसवली, तेल भरलं. काम संपेपर्यंत बाई आतच राहिल्या. शेवटी दोघं लांबवर फिरून आले. गिअर एकामागून एक असे बदलत गेले की कळूही नये. धूर नाही, हिसका नाही. बाई चालवत होत्या आणि समोरच बघत होत्या.

"उतारावर खालच्या गिअरला ठेवा," मिस्त्री म्हणाले. "नुसत्या ब्रेकवर सोडू नका."

"बरं."

दुसऱ्या दिवशी बाई गेल्या. मिस्त्री तिकडे फिरकले नाहीत. त्या आठवड्यात ते पाववाल्याशीही बोलले नाहीत. त्यानेच एक पाव पुढे केला, यांनी घेतला.

मग फोन आला.

"पोचले सुखरूप. गाडी छान चालली. तेल जिथल्या तिथे आहे."

"धाकट्या बाई कशा आहेत?"

"वेळ लागेल. मी आता इथेच राहीन बहुतेक. माझा राग गेलेला नाही, मिस्त्री. पण त्या दिवसांत माझ्याही घरात बोलणं होतं, हे काही खोटं नाही."

"हो," मिस्त्री म्हणाले. पुढचं काही सुचेपर्यंत फोन बंद झाला होता.

रविवारी त्यांनी दाढी केली आणि रिकाम्या हातांनी घराबाहेर पडले. गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा तो जुना पेंटर पुलापलीकडे राहायचा. शटर ओढल्यापासून भेट नव्हती. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने ते उघडलं. पेंटर वाकला होता, डोळे बारीक करून बघत होता.

"कोण, मिस्त्री? काय काम काढलंत?"

"काम काही नाही," मिस्त्री म्हणाले.

पेंटरने खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले.