नऊ वॅट

"काका, तुम्हाला सर्व्हर हवाय की झिरोचा बल्ब?" कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या दुकानाचा मालक काउंटरवर कोपरे टेकून म्हणाला.

"झिरोचा बल्बसुद्धा पंधरा वॅट खातो," फोटोकाका शांतपणे म्हणाले. "मला त्याच्याहून कमी पाहिजे."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. गेला तासभर तो एकेक डबा काढून दाखवत होता आणि काका डबा उलटा करून मागचे बारीक अक्षर वाचून परत देत होते. सहाशे वॅटचा पॉवर सप्लाय त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. दहा वॅटच्या कामाला एवढा मोठा सप्लाय लावला की निम्मी वीज नुसती गरम होऊन जाते, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि काकांनी एकदा काही वाचले की समोरच्याची खैर नसे. ग्राफिक्स कार्ड नको. पंखा नको. पाच लहान डिस्कांऐवजी दोन मोठ्या. प्रोसेसर असा, की मोकळा बसला असताना जवळजवळ काहीच घेणार नाही.

"आणि एक चिपवाली छोटी डिस्क वेगळी द्या. बाकी सगळा कारभार तिच्यावर चालू दे. म्हणजे मोठ्या दोघी झोपतील."

"झोपतील?"

"कुणी फोटो मागितला की उठतील. नाहीतर कशाला फिरायचं उगीच?"

काकांचा स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. एकतीस वर्षे ते ओळखपत्राचे फोटो काढत होते. गावातला ज्याचा म्हणून चेहरा कुठल्या कार्डावर चिकटला होता, तो काकांच्या स्टुलावर बसून गेलेला होता. ते सगळे चेहरे टेबलाखालच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या धुडात साठवलेले होते. ते धूड दिवसरात्र घरघरत पंचाण्णव वॅट खाई. बंद करायची सोय नव्हती, कारण पूर्वी एकदा बंद केले तेव्हा आतली एक डिस्क पुन्हा उठलीच नाही आणि चार वर्षांचे चेहरे गेले. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला होता. पण वीज रोज तीन-तीन तास जाऊ लागली, मग सगळा भार बॅटरीवर आला आणि धुडाने बॅटरी पिऊन टाकली की ऐन वेळी दिवे मान टाकत. गिऱ्हाईक केस विंचरून ताठ बसलेले आणि समोर अंधार, अशी शोभा दोनतीनदा झाली.

नवे यंत्र पुठ्ठ्याच्या खोक्याएवढे होते. काकांनी ते स्वतः जोडले, प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये वॅटमीटर लावला आणि सगळे चेहरे त्यात उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी जुने धूड बंद केले. थोड्या वेळाने नव्या डिस्का झोपल्या. मीटरवर आकडा आला, नऊ.

"नऊ!" काका स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, एखाद्याला मुलगा झाल्यासारखे.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. घर इतके गप्प झाले होते की नळाचा थेंब ऐकू येत होता.

"घरातून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतंय हो," त्या म्हणाल्या.

"वाया जाणारी वीज गेली उठून," काका हसले.

पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास काका फोटोंच्या कडा कापत बसले होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते. टेबलाखाली टक् असा आवाज झाला आणि मागोमाग बारीक घुर्र सुरू झाली. मीटर नवावरून सव्वीसवर गेला, मग सतरावर स्थिरावला. वीसेक मिनिटांनी आवाज विरला. पुन्हा नऊ.

कुणी काही मागितले नव्हते, मग डिस्क उठली कशाला? काकांना भीती वगैरे वाटली नाही. त्यांना राग आला. त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"काहीतरी आपोआप चालू होत असेल काका. सगळं बंद करून टाका."

काकांनी आपोआप चालणारे झाडून सगळे बंद केले. आठवड्याने पुन्हा टक्. त्यांनी नेटवर्कची तार उपटून टाकली. आता ते यंत्र जगाशी कशानेच जोडलेले नव्हते, नुसते विजेवर होते. तरी दहा दिवसांनी ते उठलेच. मग दुकानदाराने शेवटची युक्ती सांगितली. कधी कुठली फाइल उघडली गेली, त्याची नोंद छोट्या डिस्कवर असते, ती बघा.

काकांनी यंत्राला पडदा आणि माउस जोडून ती बघितली. तीन दुपारी, तीन फायली. पहिली निवृत्त पोस्टमनची. दुसरी शाळेच्या ग्रंथपाल बाईंची. तिसरी कालची, पाणीपुरवठ्याच्या कारकुनाची.

 पोस्टमनचा मुलगा दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेला होता. त्याच्या हातात मोबाइलवरचा एक धुरकट फोटो होता. "काका, बाबा गेले हो. तुमच्याकडे एखादा बरा असेल तर मोठा करून द्या." ग्रंथपाल बाईंची बहीणही तशीच आली होती. दोघांच्या नशिबी जी तारीख आली, तिच्या दोन दिवस आधी डिस्क उठली होती.

कारकून मात्र धडधाकट होता. सकाळीच सायकलवरून जाताना त्याने काकांना हात केला होता. काकांनी स्वतःची समजूत घातली, योगायोग म्हणतात तो हाच. दुसरा दिवस त्यांनी जीव मुठीत धरून काढला. तिसऱ्या दिवशी दुपारी कारकुनाची बायको दारात उभी राहिली. तिच्या हातात कारकुनाचे ओळखपत्र होते. काकांनी खुर्ची पुढे केली.

काकूंना त्यांनी यातले काही कळू दिले नाही. आणि मग त्यांनी जे केले, ते दुसऱ्या कुणी केले नसते. ते आधीच फोटो तयार करू लागले. घाईत केलेल्या मोठ्या फोटोंची त्यांना फार चीड होती. नाक लांबते, डोळ्यांखाली काळे येते आणि माणूस पुढची वीस वर्षे भिंतीवरून तसाच बघत राहतो. आता हाताशी दोन दिवस मिळत होते. काका कॉलर सरळ करत, कपाळावरची चकाकी काढत, कागद चांगला वापरत. माणसाला वाचवणे आपल्या हातात नाही, निदान चेहरा तरी नीट जाऊ दे, असे ते मनाशी म्हणत. पण हे पुरते खरे नव्हते, आणि तेही त्यांना ठाऊक होते.

म्हणून टेलरमास्तरांची फाइल उघडली तेव्हा काका एक पँट घेऊन त्यांच्या दुकानात गेले.

"खालून अर्धा इंच घ्यायचीय."

टेलरमास्तर मशीनवर पाय मारत गुणगुणत होते. तोंडात टाचण्या असूनही ते हसले. "तुम्ही बारीक झालात की पँट वाढली?"

"मास्तर, तब्येत दाखवली का एवढ्यात कुणाला?"

"का? माझ्या तोंडावर काय लिहिलंय?"

"तसं नाही हो. एकदा डॉक्टरकडे जाऊन या. माझ्यासाठी जा."

"शनिवारी जातो," मास्तर म्हणाले आणि पँटवर खडूने रेघ मारली. "पँट शुक्रवारी न्या."

काका दुकानाच्या पायरीवर आणखी थोडा वेळ घुटमळले. काय सांगणार होते? माझ्या टेबलाखालच्या खोक्याने तुमचे नाव घेतले? ते परत आले आणि त्यांनी फोटो तयार करायला घेतला. पँट अर्धवटच राहिली.

मास्तरांची मुलगी तीन दिवसांनी येऊन फोटो घेऊन गेली. फोटो बघून रडली, म्हणाली, बाबा असेच दिसायचे. आणि दुसऱ्या दिवशी तोच फोटो फ्रेममधून काढून परत आली. तिने तो टेबलावर पालथा ठेवला. मागे स्टुडिओचा शिक्का होता. काका प्रत्येक फोटोच्या पाठीवर तारखेचा शिक्का मारत, हाताला सवयच ती.

"काका, ही तारीख मंगळवारची आहे."

काकांनी शिक्क्याची डबी बाजूला सरकवली.

"बाबा गुरुवारी गेले. मी तुमच्याकडे शुक्रवारी आले."

"शिक्क्याचं चाक अडकतं कधीकधी," काका म्हणाले. आयुष्यात त्यांनी शिक्क्याचे चाक अडकू दिले नव्हते.

मुलीने शिक्क्यावर बोट ठेवले. "मंगळवारीच तुम्ही दुकानात आला होतात. बाबा जेवताना सांगत होते." मग तिने फोटो उचलला, छातीशी धरला आणि पाठ न वळवता मागे मागे चालत दाराबाहेर गेली.

काकू आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या दिवशी काकांनी त्यांना पहिल्यापासून सांगितले.  शेवटी त्यांनी टेबलाखाली वाकून त्या खोक्याकडे बघितले, अनोळखी कुत्र्याकडे बघावे तसे.

"आपलेही फोटो आहेत ना त्यात?"

"आहेत."

"बंद करा ते."

"बंद केलं म्हणून माणसं थोडीच राहणार आहेत?"

"निदान आपल्याला कळणार तरी नाही. मला नाही तुमचं आधी कळायला हवंय. तुम्हालाही माझं नको."

काकांनी बंद केले नाही. एवढ्या वर्षांचे चेहरे होते, डिस्क उठलीच नाही तर? पण नोंद पुन्हा उघडणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. गावात कुजबुज झालीच. ओळखपत्राच्या फोटोसाठी लोक पलीकडच्या चौकात जाऊ लागले. स्टूल रिकामे राही. डिस्क मात्र तीन आठवडे शांत होती, आणि काकांच्या जिवात जीव येऊ लागला होता.

मग एका दुपारी ती उठली.

काकूंना आठवडाभर खोकला होता. आत त्या भांडी घासत होत्या, मध्येच थांबत, खोकत, पुन्हा घासत. टेबलाखाली घुर्र चालू होती. काकांनी शब्द दिला होता, पण आतून पुन्हा खोकला ऐकू आला. त्यांनी नोंद उघडली, मग फाइल उघडली.

फोटो तिचा नव्हता. काकांनी डोळे मिटले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग त्यांनी डोळे उघडून पुन्हा पडद्याकडे बघितले. स्वतःचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

काकू हात पुसत बाहेर आल्या.

"उठलं ना ते? कोणाचा?"

"बेकरीवाल्याच्या आईचा," काका म्हणाले. पहिले तोंडात आले ते नाव.

"ती गेल्या वर्षीच गेली. फ्रेम तुम्ही केलीत, काच मी पुसली."

काकांना दुसरे नाव सुचेना. एकतीस वर्षांचे सगळे गाव पाठ असलेला माणूस, पण एक नाव सुचेना. काकू जवळ आल्या आणि दूध संपले का, असे विचारावे त्या स्वरात म्हणाल्या, "माझा आहे?"

"नाही गं!"

हे ते इतक्या घाईने आणि इतक्या आनंदाने बोलून गेले, की काकूंना कळायचे ते कळले. त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. 

"हा कसला फोटो? हातात पाटी धरून उभे आहात, पकडलेल्या चोरासारखे. डोळेसुद्धा अर्धे मिटलेत."

"करड्या रंगाची पाटी आहे ती. सकाळी उजेड बरोबर आहे का बघायला काढतो रोज."

"मग बाकीचे दाखवा."

"बाकीचे असेच आहेत."

"एकतीस वर्षांत तुमचा एक नीट फोटो नाही?"

"मी कॅमेऱ्यामागे असतो. कोण काढणार?"

काकू खोकल्या. पदराने तोंड पुसले. मग त्यांनी दिव्यांची बटणे एकेक करून लावली.

"बसा."

"अगं, कशाला आत्ता..."

"बसा म्हणते ना. मला ती पाटी भिंतीवर नको."

काका स्टुलाकडे गेले, अर्ध्यातून परत वळले. "थांब, टायमर लावतो."

"टायमर कशाला? मी आहे ना."

काका स्टुलावर बसले. समोरून दिवे इतके डोळ्यांवर येतात, हे त्यांना आजवर कधी जाणवले नव्हते. स्टँड काकूंच्या उंचीला जास्त होता, म्हणून त्यांनी कॅमेरा काढून हातात घेतला.

"बटण आधी अर्धंच दाब."

"कळतं मला. इतकी वर्षं आंधळी होते का?"

त्यांनी कॅमेरा खाली केला, जवळ आल्या आणि काकांची कॉलर सरळ केली. कॉलर सरळ झाल्यावरही हात तिथेच राहिला. मग मागे जाऊन त्यांनी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला.

"हसू का?" काकांनी विचारले.

"नको. घरी असता तसे बसा."

खटका काही होईना. रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेले.

"अहो, हलू नका," काकू म्हणाल्या.

काका हलत नव्हते. कॅमेरा काकूंच्या हातात हलत होता. तसे त्यांनी सांगितले नाही. त्यांनी पाठ आणखी थोडी ताठ केली आणि दिव्यांपलीकडे ती जिथे असावी तिकडे बघत राहिले.