टोपलीतली मापं

"झालं. टोपली रिकामी केली. आता बघा कसा पळतो तुमचा कॉम्प्युटर," काका म्हणाले आणि खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

शिवणयंत्र थांबलं.

"कुठली टोपली?" ताईंनी विचारलं.

"ही काय, स्क्रीनवरची. कचऱ्याची. केवढं साठवलं होतंत!"

ताईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. मग म्हणाल्या, "काका, माझी सगळी मापं त्यात होती."

गल्लीत त्यांना रीस्टार्टकाका म्हणत. कुठल्याही दुखण्यावर पहिला उपाय तोच. नोकरीतून निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि तेव्हापासून काका स्वतःच्या घरी सोडून सगळ्यांच्या घरी सापडत. खिशात एक पेनड्राइव्ह, त्यात फुकटात मिळणारी अवजारं: एक कचरा झाडणारं, एक व्हायरस हुडकणारं, एक चुकून पुसलेलं परत आणणारं. सोबत सल्ले. पासवर्ड स्क्रीनला चिकटवू नका. 'हो'वर बोट ठेवण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा. महत्त्वाचं ते दोन ठिकाणी ठेवा. सल्ले सगळे बरोबर असत आणि लोक ते काकांची पाठ वळेपर्यंत पाळत. मोबदला म्हणून चहा, तोही अर्धाच पीत. उरलेला प्यायचा तर बसावं लागलं असतं.

ताईंचा कॉम्प्युटरही त्यांनीच दिलेला. काकूंचा. त्या गेल्यावर आठवड्याच्या आत काकांनी तो आतून-बाहेरून लख्ख पुसून ताईंच्या टेबलावर आणून ठेवला होता. "घरात नुसता धूळ खाईल," म्हणाले होते.

"कचऱ्याच्या टोपलीत मापं?" आता त्यांचा आवाज चढला. "असं मी सांगितलं होतं?"

"तुम्हीच. म्हणालात, दुसरीकडचं चुकून पुसलं गेलं तरी टोपलीत राहतं, कधीही परत घेता येतं. मग म्हटलं, आधीच तिथे ठेवावं. लागलं की काढायचं, काम झालं की परत टोपलीत."

या हिशोबात काकांना चूक सापडेना. टेबलाखाली वेताची टोपली होतीच. पूर्वी ताईंच्या कापायच्या कागदांच्या गुंडाळ्या तिच्यातच उभ्या असायच्या. स्क्रीनवर टोपली दिसल्यावर बाईमाणसाने दुसरी जागा शोधायची कशाला?

"आणि ते कागद?"

"स्कॅन करा आणि टाकून द्या, झुरळं होतात. हेही तुम्हीच."

काका बसले.

ताईंकडे यायची ती दुकानातलं तयार काही अंगाला न बसणारी माणसं. एक खांदा खाली असलेली, एक पाय आखूड असलेली. आजच पाठीला बाक असलेल्या एका शिक्षिकेचा कोट कापायचा होता.

"फोन करून पुन्हा माप घ्या की," काका पुटपुटले.

"त्या यायलाच दोन वर्षं लागली, काका. आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या. पुन्हा नाही यायच्या."

काकांनी पेनड्राइव्ह काढला. "आता कशाला हात लावायचा नाही. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की मग जातं."

"खडूच्या रेघेसारखं. झटकली तरी कापडात राहते, वरून दुसरी मारली की संपलं."

"तसंच," काका म्हणाले. इतकं चांगलं त्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

अवजार पेनड्राइव्हवरूनच चालवलं, सापडेल ते पेनड्राइव्हवरच ठेवायचं. नाहीतर शोधणाराच खुणा तुडवायचा. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी सरकू लागली. सरकते की नाही हे समजू नये इतकी हळू. आता करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि काकांना नेमकं तेवढंच करता येत नसे. ते उठले, खिडकी उघडली, लावली. रिळं रंगांप्रमाणे लावून टाकली.

"ती माझ्या हिशोबाने लावलेली होती," ताई म्हणाल्या.

"मी जरा खाली जाऊन येतो."

"बसा. तुम्ही गेलात आणि त्याने काही विचारलं, तर मी 'हो' म्हणेन."

काका बसले. पाय मात्र हलतच राहिला. टेबल हलायला लागलं तसे ताईंनी चहाचे कप ओट्यावर नेऊन ठेवले.

"घरी कधी बसता की नाही?"

"घरी काय आहे बसायला?"

"खुर्ची तरी असेल."

पट्टी भरली तेव्हा ऊन खिडकीतून उतरून कापडाच्या ताग्यावर आलं होतं. चित्रं आली, पण नावं पुसून, नुसते आकडे घेऊन. एकेक उघडून ओळखायचं. बाह्या, कॉलर, कुणाची कंबर. काही अर्धवट, खालून राखाडी झालेली. काही उघडलीच नाहीत. कोटाची पाठ मात्र सापडली. कडेला ताईंच्या अक्षरात लिहिलेलं: डावा खांदा खाली. पुढच्या वेळी आरसा झाकणे.

"पाठ मिळाली," ताई म्हणाल्या. "बाही राखाडीत गेली. ती आठवून काढते." त्यांनी कोऱ्या कागदाची गुंडाळी ओढली. काकांनी कागदाबद्दल काही सल्ला दिला नाही.

एका हाताने कागद ताणत ताईंनी पुढचं चित्र उघडलं आणि थांबल्या.

"हे माप माझं नाही."

खुर्चीत एक माणूस झोपला होता. तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर, दोन्ही पाय लांब सोडलेले, स्वस्थ. चित्राच्या कोपऱ्यात धूसर, गुलाबी काहीतरी आलं होतं.

"तुम्ही ना? कोपऱ्यात बोट आलंय कुणाचं तरी."

"यायचंच तिचं," काका म्हणाले. "दर वेळी सांगायचो."

ताईंनी त्यांच्याकडे न बघता पेन्सिल उचलली. "काढू की ठेवू?"

काय काढावं आणि काय ठेवावं, हे गल्लीभर सांगत फिरणारा माणूस स्क्रीनकडे बघत राहिला. ताईंनी बाहीची पहिली रेघ मारली, खोडली, पुन्हा मारली. मग उठून ओट्यावरचा कप आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"गार झालाय. गरम करून देऊ?"

"नको, असू दे," काका म्हणाले, आणि चित्रावरची नजर न काढता त्यांनी तो चहा तळापर्यंत प्यायला.